सामाईक सातबारा, दादाचं होमस्टे आणि तुमची सही

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कोकणातल्या वेळणेश्वरच्या 42 गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर सहा नावं आहेत, वडील गेल्यावर वारस नोंदीने तुमचं लागलं. त्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 2009 चा दीड लाखाचा बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसतोय, आणि आता चुलत दादा होमस्टेसाठी 18 लाख काढतोय, बँकेला सगळ्यांच्या सह्या हव्यात. तुम्ही विचारताय, जुनं कर्ज माझ्याही डोक्यावर आहे का, आणि नवीन कागदावर सही करू का.

जुन्याचं आधी. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कोणी कर्जदार होत नाही, तो महसुलाचा कागद आहे. बोजाच्या नोंदीशेजारी फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यात बदल केल्याच्या नोंदीचा, नंबर असतो, त्या फेरफाराची नक्कल काढा, कर्ज कोणाच्या नावाने घेतलं ते तिथे कळायला हवं. वडिलांचं असेल तर त्यांच्याकडून तुम्हाला जे आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी, तुमच्या पगाराला हात लागत नाही. आणि बरेचदा कर्ज फिटलेलंच असतं हो, बोजा कमी करायला कोणी तलाठ्याकडे गेलेलं नसतं. आमच्याच घरी काकांचं पीककर्ज फिटून अकरा वर्षं झाली तरी बोजा तसाच होता, बागेतल्या कलमांची वाटणी करायला बसलो तेव्हा कळलं, मग बेबाकी दाखल्यासाठी, म्हणजे कर्ज फिटल्याच्या बँकेच्या पत्रासाठी, मी चार हेलपाटे मारले.

आता नवीन, म्हणजे खरा प्रश्न. गहाणखताचा मसुदा मागून घ्या आणि तुमचं नाव कशाखाली लिहिलंय ते बघा. नुसतं जमीन गहाण देणार म्हणून असेल तर जास्तीत जास्त तुमचा हिस्सा जातो. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून असेल तर दादाने हप्ता चुकवला की बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते, 1872 च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरलीय, आणि सिबिल खराब होतं ते वेगळंच. बँका काय करतात, गहाणखतावर जमीनमालक म्हणून सही घेतात आणि त्याच दुपारी जामिनाचा फॉर्म पुढे सरकवतात, "इथे पण करा मॅडम". नंतर इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, काढलात तर त्यात लिहून देणाऱ्यांची नावं एकाखाली एक दिसतात, पैसे कोणी घेतले आणि नुसती जमीन कोणी दिली हे त्यावरून धड कळत नाही, त्यासाठी अख्खा दस्तच वाचावा लागतो. आणि कागदपत्रं नुसती बँकेत ठेवून गहाण केलं तरी महाराष्ट्रात 30 दिवसांत त्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे द्यावी लागते, त्यामुळे "कुठे नोंदच होत नाही गं" असं दादा म्हणाला तर ते खरं नाही.

हिशोब पण बघा ना. 18 लाख, दहा वर्षं, साडेदहा टक्के धरले तर हप्ता साधारण 24,300. दिवाळी ते मे खोल्या भरतील, पण जून ते सप्टेंबर वेळणेश्वरला पावसात कोण येतंय? म्हणजे चार महिन्यांचे जवळजवळ 97 हजार दादाकडे आधीच बाजूला हवेत. ते कुठून येणार हे त्याने तुम्हाला सांगितलंय का? मेलमध्ये तरी दिसलं नाही.

माझं मत, आत्ता आहे तशी सही करू नका. दादा वाईट आहे म्हणून नाही, धंदा त्याचा आणि धोका सहा जणांचा म्हणून. रीतसर वाटप करून घ्या, सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली होतं, मोजणी करून दादाचा तुकडा वेगळा पडला की त्याच्यावर त्याने खुशाल कर्ज काढावं. वेळ लागेल, तो चिडेलही, गणपतीत विषय निघेलच. तरीही मन मोडवत नसेल तर फक्त गहाण देणार म्हणून सही करा, जामिनाला स्पष्ट नाही म्हणा, आणि सही केलेल्या प्रत्येक पानाची कॉपी तिथल्या तिथे घ्या.

फेरफाराची नक्कल मिळाली की मला पाठवा, बँकेचा मसुदा पण, दोन्ही एकत्र बघून सांगतो.