मारुती ८०० चा गिअर लिव्हर लटपटतोय, घट्ट कसा करायचा?

नुसता नट आवळून फरक पडणार नाही. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत गाडीखालून रॉड जातो. त्याच्या दोन्ही टोकांचे आणि लिव्हरच्या बुडाचे बुश (जोडात बसणाऱ्या रबर किंवा प्लास्टिकच्या छोट्या नळ्या) झिजले की लिव्हर न्यूट्रलमध्येही डुलतो.

आधी नेमकं कुठे ढिलं आहे ते बघा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे आणि गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. एकाला आत बसवून लिव्हर हलवायला सांगा. ज्या जोडावर लिव्हर हलतो पण पुढचा रॉड हलत नाही, तिथला बुश गेलाय. 

सुटा बुश घेण्यापेक्षा अख्खं बुश किट घ्या, महाग नसतं. बोल्ट काढून त्यावर बोट फिरवा. खाच लागली तर बोल्टही बदला, नाहीतर नवा बुश लवकरच खाल्ला जाईल. भोक साफ करा, थोडं लिथियम ग्रीस लावा, मग आवळा. रॉडवर क्लॅम्प असेल तर तो सोडण्याआधी दोन्हींवर रंगाची खूण करा. रॉड फिरून बसला तर रिव्हर्स अडतो. वॉशर कोंबून घट्ट करण्याचा जुगाड टाळा, लिव्हर जड होतो.

चालत्या गाडीत गिअर सुटत असेल तर मात्र इंजिन माउंटिंग (इंजिनला धरून ठेवणारे रबरी आधार) बघा. ते ठीक असेल तर दोष गिअरबॉक्सच्या आत असू शकतो.