पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमेअर, आखूड होणं थांबवलं, तर माणूस अमर होईल का?

माणूस नाही होणार. पेशी मात्र होते, आणि ते १९९८ सालीच सिद्ध झालंय.

मी पेशी-संवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते. त्वचेतून काढलेल्या पेशी सुरुवातीला सडपातळ असतात, भराभर वाढतात. काही महिन्यांनी त्याच पसरट, थोराड दिसू लागतात आणि त्यांचं विभाजन बंद पडतं. त्या मरत नाहीत, नुसत्या थांबतात.

हे १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं: साधारण ४० ते ६० विभाजनं, की संपलं. बाहेर जोपासलेली पेशी कायम वाढत राहते, अशी त्याआधी समजूत होती. मग दोष संवर्धनाचा नसेल कशावरून? म्हणून त्यांनी पुरुषाच्या शरीरातल्या, बरीच विभाजनं झालेल्या पेशी आणि स्त्रीच्या शरीरातल्या ताज्या पेशी एकाच भांड्यात वाढवल्या. शेवटी स्त्रीच्या पेशीच उरल्या. दोष भांड्यात असता, तर दोन्ही गेल्या असत्या. शिवाय गोठवलेली पेशी कितीही काळाने बाहेर काढा, तिची मोजणी सोडली तिथूनच पुढे सुरू होते. मला हे आजही थरारक वाटतं.

ही मोजणी टेलोमेअरमध्ये असते. गुणसूत्राच्या टोकाला 'टीटीएजीजीजी' ही डीएनएची सहा अक्षरं हजारो वेळा लिहिलेली असतात. डीएनएची नक्कल करताना अगदी टोक सुटतं, त्यामुळे दर विभाजनाला ५० ते १०० अक्षरं कमी होतात. ती भरून काढणारं विकर (एन्झाइम), टेलोमरेज, ब्लॅकबर्न आणि ग्रायडर या शास्त्रज्ञांना १९८४ साली सापडलं. आपल्या बहुतेक पेशींत ते बंद असतं. १९९८ साली ते माणसाच्या पेशींत चालू केलं, आणि त्या मर्यादा ओलांडून तरुणच राहिल्या.

पण सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांनीही हेच टेलोमरेज चालू केलेलं असतं. हेन्रिएटा लॅक्स कर्करोगाने १९५१ साली गेल्या. त्यांच्या गाठीतल्या हेला पेशी आजही वाढताहेत. बहकलेल्या पेशीला लागणारा ब्रेक म्हणजे हे आखूड होणं, म्हणून 'टेलोमेअर वाढवणाऱ्या' गोळ्यांपासून मी तुम्हाला कळकळीने दूर राहायला सांगेन.

शिवाय मेंदूतल्या चेतापेशी जवळजवळ विभागतच नाहीत, तरी म्हाताऱ्या होतात. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमेअर आपल्याहून कितीतरी लांब, आणि तो जगतो दोन-तीन वर्षं.

टेलोमरेजची खरी गरज आहे ती डिस्केराटोसिस कंजेनिटासारख्या आनुवंशिक आजारात. तिथे टेलोमेअर इतके आखूड असतात की लहान वयातच अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी होते.