आधी स्टंप सांभाळ

अमळनेर
मंगळवार, रात्री

बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज पाहिला. कुणी परदेशी गडी ब्लेडवर, म्हणजे धावायच्या वाकड्या पात्यासारख्या कृत्रिम पायावर, वाऱ्यासारखा पळतोय अशी रील, आणि खाली तुझी एकच ओळ: “सर, हे कुठे मिळतं आणि केवढ्याला?” चोपड्याच्या रस्त्यावर त्या कापसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता आणि तुझा पाय गेला, त्याला अजून पाच महिनेही झाले नाहीत. तुझे आबा फोनवर रडतात आणि तू ब्लेडचा भाव काढतोस. मला बरं वाटलं. पण उत्तर तुला आवडणार नाही.

धावायचं चांगलं ब्लेड लाखांच्या घरात जातं, आणि तुला ते आत्ता घ्यायचं नाही.

गुडघ्याखाली उरलेला तुझा पाय अजून सुजलेला आहे. सूज उतरेल, काम नसलेले स्नायू वाळतील, आणि वर्षभरात त्याचा घेर वेगळाच झालेला असेल. आज मापाने केलेलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात उरलेला पाय बसतो ती खोळ, काही महिन्यांत ढिलं पडणार. माझं तेच झालं. एका शिबिरात रांगेने मापं घेतली, शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला, आणि मिळालेला पाय दोन महिन्यांत डुगडुगायला लागला. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, घाई होती. म्हणून पहिलं वर्ष साधा पाय. जयपूर फूट मिळाला तर उत्तमच. 1968 साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला, तेव्हा उकिडवं बसणारा, अनवाणी चालणारा, चिखलात उतरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. केळीला पाणी भरायला आबांसोबत जायचं तर तोच कामाचा. लाखोंचं ब्लेड घालून तुला बांधावर नीट उभंही राहता येणार नाही, त्याला टाचच नसते.

कॉलेजच्या मैदानावर तू दुसऱ्यांचे स्टंप उडवायचास. आता एकच स्टंप सांभाळायचा आहे. डॉक्टर आणि पाय बनवणारे उरलेल्या पायाला स्टंपच म्हणतात, तूही म्हण, लाजू नको.

रोज रात्री पाय काढलास की उजेडात बस. आईचा हातातला आरसा घे, खालून धर आणि सगळी कातडी बघ. सॉकेटच्या दाबाने थोडी लाली येतेच. घड्याळ लाव. दहा-पंधरा मिनिटांत विरली तर ठीक. नडगीच्या धारेवर किंवा हाडाच्या टोकाशी तशीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, मग घरात लग्न असो की मैदानावर निवड चाचणी, आणि लाली रोजच राहत असेल तर पाय बनवणाऱ्याकडे जायचं. साध्या साबणाने धू, कोरडं पूस. लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत कातडीवर चढवायचं मऊ आवरण, तोही उलटा करून धू आणि सावलीत वाळव. दिवस वर चढला की स्टंप आकसतो आणि पाय सैल वाटतो. तेव्हा स्टंपवर आणखी एक मोजा चढवायचा. खिशात मोजे नसलेला आपल्यातला खेळाडू म्हणजे बॉलशिवाय आलेला बॉलर.

हे मी एवढं का घोळवतोय ते सांगतो. एका मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला, मी दुपारी भाल्याचा सराव करत होतो. लायनर काढला की आतून घामाचं पाणी ओघळायचं. एक फोड आला. चाचणी पंधरा दिवसांवर होती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. वर पावडर मारली, पट्टी लावली आणि फेकत राहिलो. चाचणीत भाला आदल्या वर्षापेक्षा दोन मीटर मागे पडला. घरी आलो तेव्हा पट्टी कातडीसकट निघाली. पुढचे तीन महिने कुबड्या आणि तो हंगाम गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, “अजून आठ दिवस लपवलं असतं तर पाय आणखी वरून कापावा लागला असता.” तेव्हा सराव पहाटे, साडेसातच्या आत संपवायचा. जोराचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत.

आणि बाजेवर झोपणं बंद. तिच्या झोळात गुडघा आणि खुबा वाकून राहतात, हळूहळू तसेच आखडतात, आणि आखडलेल्या गुडघ्याला चांगला पायही बसत नाही. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं जमिनीवर पालथा पड. मोबाइल तेव्हा बघ.

रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते का? मला सुटायची. वेड लागलंय असं वाटायचं, म्हणून मी कुणाला बोललो नाही. हे पुष्कळांना होतं. मेंदूतला पायाचा नकाशा पायाबरोबर जात नाही. चांगला पाय आरशात असा धरायचा की तोच दुसरा पाय वाटावा, मग तो हलवायचा. काही जणांना याने आराम पडतो. माझी माय तेव्हा उशाशी बसून म्हणायची, “पाय गया, जीव ते ऱ्हायना ना?” म्हणजे पाय गेला, जीव तर राहिला ना. मला त्या वाक्याचा फार राग यायचा. तुझ्या घरीही कुणी असं म्हणत असेल. राग आला तर येऊ दे.

आता खेळाचं. तू शंभर मीटर धावायचं म्हणतोस. मी म्हणतो, भाला घे. तू उजव्या हाताचा फास्ट बॉलर. बॉल सोडताना डावा पाय खिळ्यासारखा रोवायचास ना? भाल्यात अगदी तेच. धावत आणलेला वेग डाव्या पायावर अडवायचा, की तो कमरेतून खांद्यात आणि हातात चढतो. तुझा गेलेला पाय नेमका तोच आहे, म्हणून अवघड आहे. अशक्य नाही. हरियाणातला सुमित अंतिल कुस्ती खेळायचा. 2015 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, 2021 साली त्याने 68.55 मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं, 2023 मध्ये हांगझोऊला 73.29 वर गेला आणि 2024 ला पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण. त्याची फेक बघताना हात बघू नकोस. शेवटच्या दोन पावलांवर व्हिडिओ थांबव आणि तो कृत्रिम पाय जमिनीला कुठल्या कोनात लागतो ते बघ. मी एकदा अख्खी संध्याकाळ तेवढंच पाहत बसलो होतो.

आपल्या खेळात अपंगत्वाप्रमाणे वर्ग पाडतात. त्याचा वर्ग एफ-64: एफ म्हणजे फेकीचा प्रकार, 64 म्हणजे गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून खेळणारे. गुडघ्याच्या वर पाय गेला असेल तर एफ-63. धावणाऱ्यांना एफच्या जागी टी. तुझा वर्ग तू ठरवायचा नाहीस, मीही नाही. तपासणारे पायाला हात लावून बघतात, हालचाली करून घेतात, मग स्पर्धेतही नजर ठेवतात. दवाखान्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरची टक्केवारी इथे चालत नाही. ते प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र आधी काढ, प्रवासात आणि पुढे नोकरीच्या राखीव जागांसाठी लागेल. कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढ. आपल्याकडे जिंकणं सोपं, फाइल हलणं अवघड.

वर्गाची एक गोष्ट मनाला लावून घेऊ नको, पण माहीत असू दे. राजस्थानच्या देवेंद्र झाझरियाने लहानपणी झाडावर चढताना विजेच्या तारेला हात लागून डावा हात गमावला. 2004 ला अथेन्समध्ये 62.15 मीटर फेकून त्याने सुवर्ण जिंकलं. पुढच्या दोन पॅरालिम्पिकमध्ये त्याच्या वर्गाचा भाला कार्यक्रमातच नव्हता. बारा वर्षं! ऐन उमेदीची. 2016 ला रिओत वर्ग परत आला, तेव्हा त्याने 63.97 फेकून पुन्हा सुवर्ण नेलं, आणि टोकियोत चाळिशीत रौप्य. त्या मधल्या वर्षांचे फोटो कुणाकडे नसतात. मला त्याच्या दोन सुवर्णांपेक्षा 2009, 2010 सालातल्या त्याच्या साध्या सकाळी कशा असतील याचंच जास्त कुतूहल वाटतं.

आणि काळ मोज. मानसी जोशीचा पाय गेला तो अपघात 2011 चा, तिचं पॅरा-बॅडमिंटनचं जागतिक विजेतेपद 2019 चं. सुमितला सहा वर्षं लागली. तुझे अजून पाच महिनेही झाले नाहीत.

सत्काराला बोलावतील. गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात. एक-दोन ठिकाणी जा, आईला बरं वाटेल. पण अजून एकही फेक न केलेल्या पोराला “जिद्दीचा महामेरू” म्हणणाऱ्या माईकपासून जरा लांब राहा. मी त्यात दोन वर्षं घालवली, भाषण सुधारलं, भाला तिथेच.

तोवर बसून कर. भिंतीला टेकलेल्या पाटावर बसून दोन्ही हातांनी जड बॉल डोक्यावरून फेकायचा. पोटाचं आणि खुब्याचं काम रोज. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा असतो, तो लगेच नको. बांबूची हलकी काठी पुरे. आणि काळ्या रानात सराव करू नको. पावसाळ्यात ते पाय धरून ठेवतं, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कुबडीचं टोक वीतभर आत जातं. गावाबाहेर मुरमाड जागा असेल ती बघ.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने ये. सवलतीचं कार्ड नसलं तरी ये, तिकीट मी काढतो. पाय घालून ये, कुबड्याही आण, मोज्यांचे तीन जोड, आणि रात्री लाली किती मिनिटांनी विरली ते पाच दिवसांचं वहीत लिहून. आईला सांग, भरिताची वांगी मिळाली तर दे. कळण्याची भाकरी इथे होईल.

तुझा
सर