बाबागाड्यांची पहिली ऑर्डर: माल कारखान्यातून निघण्याआधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चीनमधून ५०० बेबी स्ट्रोलर मागवलेत, ३० टक्के ॲडव्हान्स दिलाय, सप्लायर म्हणतो ‘सीई सर्टिफिकेट आहे, काळजी करू नका’. तर माल निघण्याआधी तपासणी करून घ्यावी का, आणि तिच्यात नेमकं काय बघायचं?

करून घ्याच. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत उरलेले ७० टक्के सोडू नका. पैसे गेले आणि कंटेनर बोटीवर चढला की सप्लायर फक्त वीचॅटवर हसरे चेहरे पाठवतो.

मी आधी चाकणला गाड्यांच्या पार्ट्सच्या क्वालिटीत होतो. गेली काही वर्षं छोट्या आयातदारांसाठी माल तपासायचं काम करतो, त्यात बाबागाड्या बऱ्याच येतात.

आधी त्या सर्टिफिकेटचं बघू. युरोपात खेळण्यांवर सीईची खूण (माल तिथल्या सुरक्षा नियमांत बसतो असं सांगणारी) लागते, पण स्ट्रोलरवर ती लागतच नाही. म्हणजे ‘स्ट्रोलरचं सीई सर्टिफिकेट’ कुणी पुढे केलं की माझे कान टवकारतात. तुम्ही मागायचा तो टेस्ट रिपोर्ट: युरोपचं मानक ईएन १८८८, अमेरिकेचं एएसटीएम एफ ८३३. पहिलं पान नको, पूर्ण रिपोर्ट घ्या. त्यातला फोटो आणि मॉडेल नंबर तुमच्याच गाडीचा आहे का, रिपोर्ट कुणाच्या नावावर आहे, मानकाची आवृत्ती कुठल्या सालची, हे बघा आणि रिपोर्ट नंबर देऊन लॅबला सरळ ईमेल टाका. रिपोर्ट खरा निघाला तरी तो लॅबकडे गेलेल्या दोन-चार गाड्यांबद्दल बोलतो. तुमच्या ५०० गाड्या तेव्हा बनल्याही नव्हत्या.

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या एका लॉटमध्ये सॅम्पल अगदी देखणं होतं. माल आला तोही तसाच दिसत होता, फक्त घडीच्या लॉकमधला प्लास्टिकचा तुकडा किंचित करडा होता. आम्ही म्हटलं, रंगाचा फरक असेल. महिन्याभरात कोल्हापूरहून फोन आला की गाडी उघडताना लॉक तुटलं. नशीब, गाडी रिकामी होती. तुकडे फोडून बघितले तर पुनर्वापराचं प्लास्टिक, बिस्किटासारखं मोडत होतं. तेव्हापासून सॅम्पल पास केलं की तीन नगांवर सही करून सील लावतो: एक कारखान्यात, एक तपासनिसाकडे, एक माझ्याकडे. तपासणीच्या दिवशी मालातली एक गाडी सॅम्पलशेजारी उघडायची, लॉक खोलायचं आणि तुकड्यांचं वजन करायचं. ग्रॅमचा काटा खोटं बोलत नाही.

तपासनीस चीनमधलाच, पण बाहेरच्या एजन्सीचा घ्या, सप्लायरने सुचवलेला नको. पूर्ण माल तयार आणि निदान ८० टक्के पॅक झालेला असावा. त्याआधी गेलात तर त्यांनी निवडून ठेवलेल्या गाड्याच बघाल. ५०० च्या लॉटला आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यात, सर्वसाधारण पातळी २ धरली, तर ५० नग उघडायचे. मेजर, म्हणजे वापरात अडचण आणणाऱ्या दोषांना २.५ ची मर्यादा (तक्त्यातली एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायची दोषांची पातळी) घेतली तर ३ पर्यंत चालतात, चौथा सापडला की लॉट नापास. मायनरला, म्हणजे किरकोळ दोषांना ४.० घेतली तर ५ चालतात, सहाव्याला नापास. क्रिटिकलला, म्हणजे मुलाला इजा करू शकणाऱ्या दोषाला शून्य. कुठला दोष क्रिटिकल हे ऑर्डरच्या कागदावरच लिहा, नाहीतर कारखाना प्रत्येक गोष्टीला ‘स्मॉल प्रॉब्लेम’ म्हणतो. कार्टन तपासनिसाने स्वतः निवडायचे, ढिगाच्या तळातले आणि मागच्या रांगेतलेही.

माझा सगळ्यात जास्त वेळ घडीच्या सांध्यावर जातो. २००९ साली अमेरिकेत मॅकलारेनच्या सुमारे १० लाख छत्रीघडीच्या गाड्यांसाठी रिकॉल निघाला. गाडी उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती आणि बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा सांध्यावर कव्हर आहे का, बोट आत जाऊन अडकेल अशी फट आहे का, हे गाडी अर्धवट उघडूनही बघा. दुसरी गोष्ट खोट्या लॉकची: गाडी उघडल्यासारखी दिसते पण खटका बसलेला नसतो. गाडी हळूच उघडा, हँडलवर जोर द्या, मग हँडल धरून उचला. उघडताना एक लॉक आपोआप बसलंच पाहिजे, आणि एकाच चुकून लागलेल्या धक्क्याने गाडी मिटता कामा नये. ५० च्या ५० गाड्यांवर हे करायचं.

ब्रेकसाठी मशीन लागत नाही. एक मीटरच्या फळीचं एक टोक २१ सेंटीमीटर उचललं की साधारण १२ अंशांचा उतार होतो. सीटमध्ये १५ किलोची वाळूची पिशवी बेल्टने बांधायची, ब्रेक लावायचा, गाडी वर तोंड करून आणि खाली तोंड करून ठेवायची. चाक फिरलं तर क्रिटिकल. मग मी माझी देशी चाचणी करतो: सीटमध्ये हलकं वजन आणि हँडलला पाच किलोची पिशवी, गाडी मागे उलटते का बघायचं. भाजी घेऊन परतणारी आई हेच करणार आहे, मॅन्युअलमध्ये काहीही छापलेलं असो.

बेल्टच्या शिवणी ओढून बघा, बकल दहादा लावा-काढा, चाकं उपटायचा प्रयत्न करा. पुढच्या दांड्यावरचा फोम मूल चावणारच, त्याचा तुकडा नखाने निघतो का ते बघा. रंगातलं शिसं आणि प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं डोळ्यांनी दिसत नाहीत, त्यासाठी मालातलाच नग लॅबला पाठवावा लागतो. कार्टनही टाकून बघायचा: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू, असे दहा वेळा. माल जून-जुलैत न्हावा शेव्याला उतरणार असेल तर रिव्हेटचा गंज आणि कापडाचा दमटपणा जास्त कडक तपासा, बुरशी कंटेनरमध्येच धरते.

कस्टम्सचं एक सांगतो. बाबागाडी कस्टम्सच्या ८७१५ या कोडमध्ये येते. पण आईबाबांनी मागून ढकलायचा दांडा असलेली तीनचाकी सायकल ९५०३ मध्ये, म्हणजे खेळण्यांत जाते आणि खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. सप्लायर दोन्हींना ‘स्ट्रोलर’च म्हणतो. तुमच्या मॉडेलचा फोटो दाखवून वर्गीकरण आणि लागू नियम सीएचएकडून (तुमच्या कस्टम्स एजंटकडून) लेखी घ्या. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशातला माल, माल बनवल्याचा महिना-वर्ष, एमआरपी हे लीगल मेट्रॉलॉजीचं लेबल लागेल, ते कारखान्यातच चिकटवून घेतलं की गोदीतली धावपळ वाचते. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘विक्रेता’ या व्याख्येत आयातदारही येतो. पोराला इजा झाली तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार, कारखान्याच्या नाही.

लॉट नापास झाला तर ‘पुढच्या ऑर्डरमध्ये डिस्काउंट देतो’ यावर मान डोलवू नका. माल छाटून दुरुस्त करायचा आणि फेरतपासणीचा खर्च कारखान्याचा, हे ॲडव्हान्स देण्याआधी लिहून घ्यायचं असतं. तुमचा तर गेलाय. तरी आजच ईमेल टाका, ७० टक्के अजून तुमच्याकडेच आहेत.