साईट बघून कोटेशन देतो, पण काम मिळत नाही. व्हिजिटचे पैसे मागावेत का?

तुम्ही लिहिलंय की बदलापूर-अंबरनाथकडे रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेता, एप्रिल-मेमध्ये निम्मा दिवस मापं घेण्यातच जातो, पाच कोटेशनं दिली की कुठे एक काम लागतं, आणि व्हिजिटचे पैसे म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. मीही याच धंद्यात आहे, डोंबिवली ते ठाणे पट्ट्यात. मी पैसे घेतो, पण सगळ्यांकडून नाही. आणि काही ठिकाणी पैसे दिले तरी जात नाही.

आधी हिशोब मांडून बघा, म्हणजे चीड नक्की कशाची यायला हवी ते कळेल. समजा एका कोटेशनमागे जाणं-येणं, माप, मग रात्री बसून आकडे टाकणं धरून ४ तास गेले. पाचातलं एक काम लागतं, म्हणजे मिळालेल्या प्रत्येक कामाच्या डोक्यावर २० तास बसले. तासाचे २५० रुपये धरले तरी ५,००० झाले. सोसायटीच्या ४ लाखांच्या गच्चीत हे ५,००० म्हणजे सव्वा टक्का, कुठे गेले कळणारही नाही. पण एका बाथरूमच्या २०,००० च्या कामात तोच पाव हिस्सा होतो, म्हणजे तुमचा नफा तिथेच संपला. फुकट कोटेशन मोठ्या कामात परवडतं, बारक्या कामात नाही. आपण बहुतेकजण नेमकं उलटं करतो: मोठ्या पार्टीसमोर व्हिजिट चार्जचा विषय काढतो आणि शेजारच्या काकूंचं बाथरूम बघायला चार वेळा चकरा मारतो.

'रेटमध्येच चढवून टाका' असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मोठ्या कामात चढवाच, तो धंद्याचा खर्च आहे. बारक्या कामात चढवलं तर रेट इतका फुगतो की उरलेलं एक कामही हातचं जातं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या धंद्यात कोटेशनं वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण रेट नाही. ज्याच्या घरात पाणी टपकतं तो फोन करतो, पण बहुतेक वेळा पैसे देणारा तो नसतो. टॉप फ्लोअरवाल्याच्या छताचे पोपडे पडतायत, तो तुम्हाला बोलावणार. पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांप्रमाणे) गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या कॉमन पाइपांची गळती ही सोसायटीच्या खर्चाची बाब. म्हणजे तुम्ही त्याला कितीही चोख कोटेशन द्या, तो ते कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार आणि तिथे त्याची चटणी होणार. बाथरूमची गळती असेल तर आणखी मजा. ओल खालच्याच्या छताला, दुरुस्ती वरच्याच्या बाथरूममध्ये, आणि आतल्या नळ-संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च ज्याचं बाथरूम त्याचा. खालचा माणूस रात्रंदिवस बादली लावून बसलाय, आणि वरचा म्हणतो, आमच्याकडून काही नाही हो. अशा ठिकाणी तुमचं कोटेशन म्हणजे भांडणातलं हत्यार असतं. ते दाखवून तो सेक्रेटरीकडे तक्रार करणार.

म्हणून फोन आला की पत्ता विचारायच्या आधी मी विचारतो: ओल बारा महिने असते की फक्त पावसाळ्यात? बारा महिने म्हणजे वरचं बाथरूम किंवा पाइप. फक्त पावसात म्हणजे गच्ची नाहीतर बाहेरची भिंत. मग विचारतो, तुमच्या डोक्यावर काय आहे, गच्ची की कोणाचं घर? घर असेल तर, त्यांनी आत जाऊ द्यायचं कबूल केलंय का? इथे दहातले चार फोन आपोआप गळतात. 'ते दार उघडत नाहीत हो, तुम्ही खालूनच काहीतरी करा.' खालून छतात केमिकलचं इंजेक्शन मारून, पुट्टी लावून तुम्ही ते करालही, पण पुढच्या पावसात पोपडे पुन्हा आले की शिव्या तुम्हालाच. गच्ची असेल तर एवढंच सांगतो की सेक्रेटरी किंवा चेअरमननी मला फोन करावा, मग येतो. ते जमत नसेल तर काम होणार नाही, हे त्यालाही आतून माहीत असतं.

मग फोटो मागवा. एक डागाचा, पण खोलीचा कोपरा दिसेल असा, कारण जवळून काढलेल्या फोटोत फक्त काळा ढग दिसतो. एक बाहेरून त्याच भिंतीचा. आणि गच्चीचा चालत काढलेला व्हिडिओ, पावसाळी पाइपाच्या तोंडापर्यंत. यावरून मी फोनवरच अंदाज देतो: स्क्वेअर फुटाला अमुक ते तमुक, तुमची गच्ची साधारण एवढी, म्हणजे इतक्यापासून इतक्यापर्यंत. हा अंदाज फुकट, आणि तो सगळ्यांना द्यावा. ज्याच्या डोक्यात १५,००० आहेत आणि तुमचा खालचा आकडा ६०,००० आहे, तो तिथेच 'बरं, कळवतो' म्हणतो. त्याचाही वेळ वाचला.

पैसे कशाचे घ्यायचे, तर तपासणीचे. अंदाज वेगळा, तपासणी वेगळी, हे आधी स्वतःच्या मनात पक्कं करा, मग तोंडून निघताना अडखळणार नाही. गच्चीवर गेलात की तुम्ही काय करता आठवा: हातोडीच्या दांड्याने कोबा (गच्चीवरचा पक्का थर) ठोकत जाता, जिथे पोकळ वाजतं तिथे खडूने गोल करता, पॅराफिटला, म्हणजे कठड्याला, खालच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) आहे की नुसताच काटकोन सोडलाय ते बघता, पाइपाच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओतून ते तिकडे जातं की उलट फिरतं ते पाहता. बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीचं तोंड) बंद करून पाणी साठवायला सांगता आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन बघता. याला अनुभव लागतो, आणि याचा निकाल पार्टीला तुम्हाला काम न देताही उपयोगी पडतो. मग त्याचे ५०० घेतले तर बिघडलं कुठे? एसी-फ्रिजवाल्यांनी लोकांना या पैशांची सवय लावलीच आहे.

फक्त तुम्ही 'व्हिजिट चार्ज' म्हणता तेव्हा समोरच्याला वाटतं की हा यायचेच पैसे मागतोय. मी असं सांगतो: 'अंदाज मी फोनवर दिलाय, त्याचे काही नाही. पाणी नक्की कुठून येतंय ते शोधायला यायचं असेल तर ५०० रुपये, खुणा केलेले फोटो आणि एक पानी कागद देईन. काम मला दिलंत तर बिलातून वजा.' पैसे वेळ ठरवतानाच यूपीआयने मागवा. दारात उभं राहून मागणं दोघांनाही अवघड जातं. आणि तो कागद खरंच द्या, नाहीतर पुढच्या वेळी नाव खराब.

सोसायटीला हे लागू नाही, तिथे चार्ज मागू नका. पण सोसायटीत वेगळा धोका असतो. ठरावीक रकमेवरचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागतो, आणि सभेत तीन-चार कोटेशनं दाखवली की कोणी बोट दाखवत नाही. बऱ्याचदा माणूस आधीच ठरलेला असतो आणि तुम्ही तिसरे असता. ओळखायचं कसं? खरी गरज असलेला सेक्रेटरी तुमच्याबरोबर गच्चीवर चढतो, मागच्या कॉन्ट्रॅक्टरने काय वाट लावली ते दाखवतो, गॅरंटी किती आणि तुमची झालेली कामं कुठे बघायला मिळतील ते विचारतो. जो म्हणतो, 'वॉचमनकडे चावी आहे, तुम्ही बघून घ्या, संध्याकाळपर्यंत लेटरहेडवर पाठवा', त्याला फक्त स्क्वेअर फुटाचा रेट लिहून पाठवा. मापं घेत बसू नका.

एखादा तर सरळ म्हणतो की रेट जरा चढवून द्या, पुढचं काम तुम्हाला. अशाला लेटरहेड द्यायचंच नाही. तो चढवलेला कागद सोसायटीच्या फायलीत कायम राहतो, उद्या कमिटी बदलली की नवे लोक तुमचं नाव बघून म्हणणार, हा महागडा. शिवाय वरचा रेट कोणाच्या सोयीसाठी मागितला होता हे सभेत कोणी विचारलं, तर उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जी सोसायटी कोटेशन मागते तिला पुष्कळदा फक्त बजेटला आकडा हवा असतो. काम झालंच तर दिवाळीनंतर. त्यांनाही रेटच द्या आणि सांगा की सभेत मंजूर झालं की मापाला येतो. इमारत १५ वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरने केलेली इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालंय का तेही विचारा. ऑडिट झालं असेल तर इंजिनिअरने कामाची यादी काढलेली असते, तुमची निम्मी मेहनत वाचते, आणि सगळ्यांचे रेट एकाच यादीवर आल्याने तुलनाही सरळ होते.

लेखी कोटेशनबद्दल माझं मत जरा कडक आहे. किती कोट, कुठलं मटेरियल, पाणी किती तास साठवून दाखवणार, गॅरंटीत काय धरलंय आणि काय नाही, हे सगळं लिहा, कारण प्रामाणिक गिऱ्हाइकाला तुलना करायला ते लागतंच. पण मापाचा तक्ता देऊ नका. गच्ची, पॅराफिट, टाकीखालची जागा, जिन्याची खोली अशी एकेक माप मांडलेला कागद हातात पडला, की पार्टी घरबसल्या फोनवर दुसऱ्यांचे रेट घेते. तक्ता अ‍ॅडव्हान्सनंतर. आणि खाली 'हे दर १५ दिवसांसाठी' असं लिहाच. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुदत घातलेला प्रस्ताव मुदत संपली की संपतो. नाहीतर लोक गेल्या वर्षीचं कोटेशन काढून म्हणतात, तुम्हीच दिलं होतं की.

दिल्यावर दोन-तीन दिवसांनी एक फोन, मुदत संपताना एक, मग सोडून द्या. दुसऱ्या फोनला काम गेलंय असं कळलं तर कितीला गेलं ते मोकळेपणाने विचारा. बहुतेक लोक सांगतात, कारण त्यांनाही जरा ओशाळल्यासारखं झालेलं असतं. तुमच्या भागात कोण काय भावाने घेतोय याची याहून पक्की खबर मिळत नाही.

जुनी गिऱ्हाइकं, त्यांनी पाठवलेले लोक आणि कामं देणारे आर्किटेक्ट, यांच्याकडून ५०० घेऊ नका. त्यांची कोटेशनं फुकट जात नाहीत, तुमचाच आकडा तपासा. बाकीच्यांकडून घ्यायला सुरुवात करायची तर एप्रिलमध्येच करा, ऑक्टोबरची वाट बघू नका. पावसाच्या तोंडावर फोन इतके येतात की चार जणांनी ठेवला तरी पाचवा वाजतो, आणि तेव्हा तुमच्याही आवाजात अजिजी नसते.