मागच्या केबिनमधून : वाचकांचे प्रश्न

(लोकलवर तीस वर्षं गार्डची नोकरी करून निवृत्त झालेले, कळव्यात राहणारे आमचे स्तंभलेखक या अंकात चार पत्रांना उत्तरं देत आहेत.)

लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. आत शिरली की अख्खा डबा ओरडायचा. परवा मुलाला मुद्दाम खिडकीशी बसवलं, तर बोगदा आलाच नाही. बंद केला का?
*एक गृहिणी, डोंबिवली*

बोगदा जागच्या जागी आहे ताई, तुमची गाडी तेवढी बाहेर पडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी लाइन सुरू झाली, तेव्हा रुळांची अदलाबदल झाली. बोगदा गेला मेल-एक्स्प्रेसच्या वाट्याला आणि फास्ट लोकल आली कळवा-मुंब्र्याच्या अंगाला. गंमत बघा, १८५४ मध्ये गाडी पहिल्यांदा कल्याणला पोचली ती अशीच, डोंगराला वळसा घालून, खाडीच्या कडेकडेने. तो वळसा टाळायला १९१६ साली तेराशे मीटरचा बोगदा झाला. आता फास्ट लोकल शंभर वर्षांनी पुन्हा वळशावर.

मी निवृत्त झालो २०२१ मध्ये, म्हणजे माझी सगळी नोकरी बोगद्यातली. डब्यातली माणसं ओरडायची ते मला मागे ऐकू यायचं, पण बारा डब्यांची गाडी असल्याने ते पुढून मागे सरकत यायचं. पुढचा डबा आत गेला की पहिली आरोळी, मग दुसरा, मग तिसरा. माझी केबिन आत शिरेपर्यंत पुढचे दमलेले असायचे. पावसाळ्यात वरून पाणी गळायचं, ओल्या दगडाचा वास केबिनमध्ये भरायचा आणि मागे बोगद्याचं तोंड आधी ताटाएवढं, मग वाटीएवढं होत जायचं.

तरी खरं सांगू का, गार्डला जास्त दिसतं ते वळणावर. सरळ रुळांवर मागून फक्त शेवटचे दोन-तीन डबे नजरेत येतात. गाडी वळली की तिची अख्खी कूस समोर येते, दाराबाहेर किती पाठी आणि किती सॅक लोंबतायत ते मोजता येतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलमधली दाराला लटकलेली माणसं खाली पडली, त्यातली काही गेली. बातमी ऐकली तेव्हा त्या सॅकच आधी डोळ्यांपुढे आल्या. मुलाला एवढं सांगा, कळवा सोडलं की सॅक पोटाशी घ्यायची आणि दारात असलास तर आत सरकायचं.

आणि बोगदा दाखवायचाच असेल तर ठाण्याहून कल्याणला थांबणारी एखादी एक्स्प्रेस पकडा. खिडकी मिळेलच, ही हमी मात्र मी देत नाही.

चालत्या लोकलमध्ये मधेच पंखे बंद पडतात, अर्धे दिवे जातात, दहा-पंधरा सेकंदांनी सगळं परत येतं. बिघाड असतो का?
*एक विद्यार्थी, घणसोली*

बिघाड नाही, मोटरमनने स्वतः बंद केलेलं असतं. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि ते वेगवेगळ्या सबस्टेशनमधून येतात. शेजारशेजारच्या दोन सबस्टेशनचा फेज, म्हणजे विजेच्या चढउताराची वेळ, वेगळा असतो. दोन्ही एकमेकांना भिडले तर मोठा शॉर्ट होईल, म्हणून मधे तारेचा छोटा तुकडा मुका, म्हणजे बिनविजेचा, ठेवलेला असतो. त्याच्या आधी खांबावर पाटी येते. ती दिसली की मोटरमन मेन ब्रेकर, म्हणजे गाडीचा मुख्य स्विच, पाडतो, गाडी आपल्या जोरावर तो तुकडा ओलांडते आणि पुढे तो ब्रेकर परत घेतो. तेवढा वेळ जे दिवे राहतात ते बॅटरीवरचे.

पूर्वी हे असं नव्हतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती पंधराशे व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. ती डीसी मेन लाइनवरून २०१५ मध्ये आणि तुमच्या बाजूच्या हार्बरवरून २०१६ मध्ये गेली. मधल्या काळात गाड्या डीसीवरून एसीवर, म्हणजे आताच्या पंचवीस हजार व्होल्टच्या विजेवर, जाताना दिवे जायचे आणि उन्हाळ्यात लोक माझ्याकडे बघून ओरडायचे. जणू बटण माझ्या खिशात होतं!

इंडिकेटरवर कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस' का? नावांशी तर काही संबंध नाही.
*एक पासधारक, ठाणे पूर्व*

कल्याणला लाइन फुटते. एक फाटा ईशान्येला, थळ घाटाकडे कसाऱ्याला. दुसरा आग्नेयेला, बोरघाटाकडे कर्जतला. रेल्वे त्यांना नॉर्थ-ईस्ट आणि साउथ-ईस्ट म्हणते, त्यांची पहिली अक्षरं. त्यात कर्जत फास्ट लागली की इंडिकेटरवर 'एस एफ' येतं आणि नवखा माणूस 'स्लो फास्ट' वाचून हबकतो.

डोंबिवलीहून ऐरोलीला ऑफिसला जाते. रोज ठाण्याला उतरून पूल चढून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर धावायचं. थेट गाडी का नाही?
*एक नोकरदार, डोंबिवली*

कारण ठाणे-वाशी लाइन ९ नोव्हेंबर २००४ ला सुरू झाली ती ठाण्यातूनच. कल्याणकडून येणाऱ्याला आधी ठाण्याच्या गर्दीत शिरावं लागतं, मग जवळजवळ आल्या दिशेनेच परत फिरावं लागतं. कळव्याहून थेट ऐरोलीकडे जाणारा उन्नत मार्ग मंजूर आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन तयार होऊन १२ जानेवारी २०२४ ला सुरूही झालं, पण जोडणारा मार्ग वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी वर्षानुवर्षं अडून राहिला. माझ्या मते या भागातलं हे सगळ्यात गरजेचं काम. नवे पूल, सरकते जिने याने ठाण्याची गर्दी सरकते, कमी होत नाही. मे २०२४ च्या अखेरीला ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच नंबर प्लॅटफॉर्म रुंद केला. उभं राहायला जागा झाली, पण तुमचा पूल काही चुकला नाही.

तोवर एक करा. डोंबिवलीला नेहमीच्या जागी उभं राहू नका. आठवडाभर वेगवेगळ्या डब्यांत चढून बघा, ठाण्याला कुठला डबा बरोबर पुलाच्या पायऱ्यांपुढे येतो ते. सापडला की मैत्रिणींनाही सांगू नका.

जाता जाता : मागच्या अंकातल्या 'दोन टोले' या शब्दावर तिघांनी विचारलंय. गार्डने मोटरमनला दोनदा घंटी दिली की गाडी सोड, एकदा दिली की थांबव. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. घंटी तीच आहे.