एनएफएलमध्ये पळणारा क्वार्टरबॅक जास्त मोलाचा की पॉकेटमधून पास टाकणारा?

तुमचा प्रश्न असा आहे की एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये नव्याने संघ बांधायचा झाला तर क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू) कसा घ्यावा: टॉम ब्रेडीसारखा पॉकेटमधून, म्हणजे सहकाऱ्यांनी केलेल्या कड्याआड जागेवर उभं राहून पास टाकणारा, की लमार जॅक्सनसारखा पळणारा. मी पळणारा घेईन. पण तो स्वतः पळून किती यार्ड काढतो, यासाठी नाही.

मैदानात ११ विरुद्ध ११ असतात. न पळणारा क्वार्टरबॅक रनिंग बॅककडे चेंडू देतो तिथे त्याचं काम संपतं. उरले चेंडू घेऊन धावणारा एक आणि त्याला वाट करून देणारे नऊ. समोर अडवायला मात्र ११ जण. पळणारा क्वार्टरबॅक हा हिशेबच बदलून टाकतो. 'झोन रीड' ही चाल नीट बघा. ओळीच्या टोकाला असलेल्या बचावपटूला मुद्दाम कुणी अडवत नाही. क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या पोटाशी चेंडू धरतो, पण हात सोडत नाही. त्याची नजर त्या टोकाच्या गड्यावर असते. तो गडी आत धावला, की क्वार्टरबॅकने चेंडू काढून घ्यायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेतून बाहेर पळायचं. तो गडी जागेवर थांबला, तर चेंडू देऊन टाकायचा. त्याने काहीही केलं तरी चुकतंच! लमारच्या बाल्टिमोर संघाचा सामना असला की मी चेंडूपेक्षा त्या बिचाऱ्याकडेच जास्त बघतो.

२०१९ मध्ये लमारने धावून १,२०६ यार्ड काढले आणि त्याच हंगामात ३६ टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पासही टाकले. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार एकमताने मिळाला. हे दोन आकडे वेगळे धरू नका. त्याच्या धावण्याच्या धास्तीने मागचे बचावपटू पुढे सरकतात, आणि त्यांच्या पाठीमागे पास टाकायला जागा होते.

आता ब्रेडी. त्याची सात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजेतेपदं कुणी नाकारत नाही, आणि पळण्यात तो अगदीच मंद होता. समोरचा बचाव वाचून चेंडू इतक्या लवकर सोडायचा की धरायला येणाऱ्याच्या हाती काही लागू नये, ही त्याची ताकद. पण फेब्रुवारी २००८ चा सुपर बोल आठवा. सलग १८ सामने जिंकून आलेल्या पेट्रियट्सच्या ब्रेडीला जायंट्सने पाच वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं, आणि सामना १७-१४ ने घेतला. पॉकेट कोसळलं की अशा खेळाडूकडे दुसरी वाट नसते. शिवाय ब्रेडी एकच होता. मध्यम दर्जाचा पॉकेट पासर आणि त्याला राखणारी कच्ची लाइन, असा संघ हंगामभर मार खातो.

पळणाऱ्याला दुखापतीचा धोका असतो, हा मुद्दा खरा आहे. पळणारा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन २०१२ चा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला, जानेवारी २०१३ मध्ये प्लेऑफमध्ये गुडघा गेला, आणि तो पुन्हा तसा खेळला नाही. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. पण ब्रेडीचाही २००८ चा हंगाम पहिल्याच सामन्यात गुडघ्यामुळे संपला, आणि तो पॉकेटमध्येच होता.

माझी अट एकच: तिसरं डाउन (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), नऊ यार्ड हवेत, पास येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्याला पॉकेटमध्ये उभं राहून पास टाकता आला पाहिजे. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला ते येतं, म्हणून २०२३ च्या सुपर बोलमध्ये ३५-३५ अशी बरोबरी असताना घोटा दुखत असूनही त्याने काढलेली २६ यार्डांची धाव इतकी महागात पडली ईगल्सना. टिम टीबो या पळणाऱ्या क्वार्टरबॅकला ते येत नव्हतं. २०११ मध्ये त्याने डेन्व्हरला प्लेऑफपर्यंत नेलं, एक सामना जिंकूनही दिला, तरी पुढच्याच वर्षी संघाने त्याला सोडून पेटन मॅनिंगला आणलं. मॅनिंग अजिबात पळणारा नव्हता, आणि तरी तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता.